शेवटाची लाल पट्टी

तपकिरी रंग, करंगळीहून कमी रुंदी आणि भाकरीएवढ्या चक्रावर घेतलेले वेढे, एवढीच माझी ओळख. आवाज साठवणारी मी एक जुनी फीत आहे, मित्रांनो. माझ्या बहिणींच्या अंगावर तासतासभराचं संगीत आहे. माझ्या अंगावर एकच गाणं आहे, तेही कपातला चहा निवायच्या आत संपणारं. त्या गाण्याचं गेल्या वर्षी लोकांनी जे केलं ते आठवलं की मला अजून शिसारी येते. ती पोटात ठेवून मला पडून राहायचं नाही, म्हणून बोलते आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पातळ प्लॅस्टिकवर गंजासारखी बारीक भुकटी चिकटवून मला बनवलं. ती भुकटी म्हणजेच माझा जीव, कारण आवाज तिच्यात राहतो. तिला धरून ठेवणारा गोंद त्या वर्षी नवा होता, आणि तो हवेतला ओलावा पितो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. हे दुखणं मी जन्मापासून घेऊन आले.

तिथून मी केंटमध्ये, फॅव्हरशॅम गावाबाहेरच्या एका शेतावर आले. बिअरमध्ये घालायची हॉपची फुलं वाळवायला तिथे एक भट्टी होती, टोकदार टोपीसारख्या छपराची. फुलांचा धंदा बसला तेव्हा मालकानं तिथेच गाणी ध्वनिमुद्रित करायचा स्टुडिओ काढला. सत्तरचं दशक निम्मं उलटलं होतं. ‘वेदरकॉक असेंब्ली’ नावाचा बँड तिथे आपली नवी तबकडी तयार करत होता.

या बँडला साधं काही चालत नसे. त्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणत, आणि त्यात एक गाणं तबकडीची अख्खी बाजू खायचं. बँडचा म्होरक्या ऑब्रे. तो जांभळा झगा घालून ऑर्गन वाजवायचा. झग्याची बाही पट्ट्यांत अडकून भलताच सूर लागला, तर तोही प्रयोग म्हणून ठेवून द्यायचा. फिती मुद्दाम उलट्या वाजवणं आणि कुठल्याच देशात नसलेल्या भाषेत गाणं हे त्याचे लाडके उद्योग होते. लोक माना डोलवायचे. मित्रांनो, हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

ड्रम वाजवायचा क्लिफ ओव्हेंडन. हाडापेरानं मोठा, बोलायला थोडा. त्याची बायको मॉरीन बँडची गाडी चालवायची. कार्यक्रम संपला की सामान भरून होईपर्यंत ती थंडीत गाडीत बसून राहायची, आणि बसल्या बसल्या तिनं एक गाणं रचलं होतं.

एका रविवारी ऑब्रे लवकर निघून गेला. स्टुडिओतला ध्वनिमुद्रक पर्सी म्हातारा होता आणि त्याला काहीच वाया गेलेलं खपत नसे. तो म्हणाला, “फितीचा एवढा तुकडा उरलाय. कुणाला काही म्हणायचंय का? नाहीतर कचऱ्यात जाईल.”

“मो, तुझं ते म्हण ना,” क्लिफ म्हणाला. “गाडीत म्हणतेस ते.”

“वेडा झालास का? ऑब्रेनं ऐकलं तर मला गाडीसकट हाकलेल.”

“तो आईकडे जेवायला गेलाय. आज मटण आहे. संध्याकाळपर्यंत उठत नाही तो.”

तो उरलेला तुकडा म्हणजे मी. मॉरीन अंगातला कोट न काढताच गायला उभी राहिली. क्लिफनं हलक्या हातानं साथ धरली. दिवे मालव रे आता, गाडी गार पडली आहे, थर्मासमधला चहा एकटीला गोड लागत नाही, असं काहीसं ते गाणं होतं. तिसऱ्या कडव्यात क्लिफच्या हातातली काठी निसटली आणि नेमकी पर्सीच्या चहाच्या मगात पडली. मॉरीन गाता गाता हसली. शब्दाचं शेपूट हसण्यात गेलं, तिनं श्वास घेतला आणि पुढचं कडवं उचललं.

“पुन्हा घेऊ या?” पर्सीनं चहाचा मग पुसत विचारलं.

“नको,” क्लिफ म्हणाला. “हसू राहू दे.”

आता आमच्यातली एक रीत सांगते. गाणं मुद्रित झालं की फीत परत गुंडाळायची नाही, तशीच ठेवायची. मग शेवट बाहेर राहतो आणि सुरुवात चक्राच्या पोटात. अशी फीत जास्त टिकते. बाहेरच्या टोकाला लाल पट्टी चिकटवतात. लाल दिसली की समजायचं, हा शेवट आहे, आधी मला मागे गुंडाळा आणि मगच वाजवा. पर्सीनं माझ्या टोकाला तशी पट्टी लावली आणि डबीवर लिहिलं, ‘मॉरीन’.

दुसऱ्या दिवशी ऑब्रेनं मला ऐकलं. “तीन सूर!” तो म्हणाला. “हे काय, पाळणा हलवायचाय का? मो, आपले श्रोते तासभर मांडी ठोकून बसतात. हे सुरू व्हायच्या आत संपलं.”

“बरं,” मॉरीन म्हणाली. “चहा कुणाकुणाला?”

तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. क्लिफनं मला कोटाखालून घरी नेलं.

पुढे हवा बदलली. तरुण पोरांना झग्यांचं हसू यायला लागलं आणि बँड मोडला. ऑब्रे पोर्तुगालला जाऊन राहिला. क्लिफ पहाटे दुधाची गाडी घेऊन दारोदार बाटल्या ठेवू लागला. मला मॉरीननं तिला घरातली सगळ्यात कोरडी वाटणाऱ्या जागी ठेवलं, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीवरच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे. तिनं मायेनं ठेवलं, पण रोज ऊब आणि वाफ, रोज ऊब आणि वाफ. माझा गोंद भिजत गेला आणि माझे वेढे एकमेकांना चिकटले. मला वाजवायला घरात यंत्रही नव्हतं. गाणं मात्र मला रोज ऐकू यायचं. इस्त्री करताना मॉरीन तेच गुणगुणायची.

मग मॉरीन आजारी पडली, आणि हिवाळ्यात गेली.

त्यानंतर क्लिफ सकाळी दोन कप चहा करायचा, एक प्यायचा आणि एक मोरीत ओतायचा. चुकून होतं असं नाही, हे मला काही दिवसांनी कळलं. टॉवेल काढायला कपाट उघडलं की तो माझ्या डबीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहायचा. एवढंच.

अशात रूपर्ट आला. जुन्या बँडांच्या तबकड्या नव्यानं काढणाऱ्या कंपनीत तो संपादक होता. चाळिशीचा, नीट कापलेली दाढी, आवाज अगदी मऊ. वेदरकॉक असेंब्लीच्या सगळ्या कारकिर्दीचा बॉक्स सेट, म्हणजे एका खोक्यातला संच, काढायचा होता. त्यासाठी क्लिफची सही हवी होती.

“सही करतो,” क्लिफ म्हणाला. “पण माझ्या बायकोचं गाणं त्यात घ्यायचं. साधंच आहे. पण ते बाहेर यायला पाहिजे.”

“कधीच न ऐकलेलं?” रूपर्टचे डोळे चमकले. “अहो, लोक वेडे होतील!”

मला वाटलं, चला, आपले दिवस आले.

रूपर्टनं मला घरी नेलं. माझ्यासारख्या ओलावलेल्या फितींना मंद आचेवर वाळवावं लागतं, तरच त्या वाजतात. त्यासाठी हे लोक सफरचंदाच्या चकत्या वाळवायचं यंत्र वापरतात. मी त्यात रात्रभर होते. माझा गोंद सुकला, पण लाल पट्टीचाही सुकला. सकाळी रूपर्टनं मला उचललं तेव्हा ती गळून खाली पडली, कुठल्यातरी जुन्या वाळक्या चकतीशेजारी. त्यानं पाहिलं नाही. मला तशीच यंत्रावर चढवली आणि शेवटाकडून वाजवली.

मित्रांनो, चूक कुणाचीही होते. पट्टी पडली, यात त्याचा दोष नाही. पण मॉरीनचा आवाज शेवटाकडून सुरुवातीकडे जात होता, आणि हा माणूस डोळे मिटून ऐकत होता!

“हे काय आहे!” तो एकटाच बोलत होता. “नवी भाषाच बनवलीय यांनी. आणि तो म्हणे साधंच गाणं. ड्रमवाल्यांना आपण काय केलंय ते कळत नसतं.”

बॉक्स सेट आला तो दोन हातांनी उचलावा लागेल असा. क्लिफनं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. मीही त्याच खोक्यात परत आले होते, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. आत पुष्कळ सीडी होत्या. ऑब्रेच्या झग्यासारख्या कापडाचा रुमाल होता, हॉपच्या वासाची मेणबत्ती होती, कपाखाली ठेवायच्या चकत्या होत्या. विटेएवढं जाड पुस्तक होतं आणि त्यात एका फोटोत मॉरीन किटली घेऊन उभी होती. फोटोखाली छापलं होतं, ‘बँडसोबत एक अनोळखी महिला’.

क्लिफनं ते ओळीवर बोट फिरवत दोनदा वाचलं. मग त्यानं मॉरीनची खुर्ची टेबलाजवळ ओढली, दुसरा कप तिच्यापुढे ठेवला आणि शेवटची सीडी लावली.

ड्रमचा घुमारा आधी येत होता आणि ठोका मागून. क्लिफच्या कपाळाला आठी पडली. मग आवाज आला. कुणीतरी मॉरीनला बोलता बोलता गिळत असावं, तसा. क्लिफ खुर्चीवरून अर्धवट उठला. आणि मग ते हसू आलं. मित्रांनो, हसणं उलटं वाजवलं की ते रडण्यासारखं ऐकू येतं. हुंदके देत देत श्वास आत ओढावा तसं. क्लिफनं मॉरीनला दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तसा श्वास घेताना पाहिलं होतं.

त्यानं यंत्र बंद केलं, मोरीपाशी गेला आणि ओकला.

नंतर त्यानं फोन लावला. ड्रम वाजवून त्याचे कान गेलेले, म्हणून तो फोनचा आवाज मोठा ठेवतो. मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

“रूपर्ट, गाणं उलटं आहे.”

“कुठलं?”

“माझ्या बायकोचं.”

पलीकडे खुर्ची करकरली. “तुम्हाला खात्री आहे, क्लिफ?”

“संसार केलाय मी तिच्याबरोबर. ती कुठल्या बाजूनं गायची एवढं मला कळतं.”

रूपर्टचा मऊ आवाज आणखी मऊ झाला. “हे बघा, संच दुकानांत गेलेत. मासिकांत लिहून आलंय. ‘मरणाऱ्या शहराचा हुंदका’ म्हटलंय एकानं. सगळ्या संचात लोकांना तेच जास्त आवडलंय.”

“मग आता सुलट करून द्या. आत एक चिठ्ठी घाला, चूक झाली म्हणून.”

“चिठ्ठी घातली तर लोक म्हणतील, बाकीचं तरी सुलट आहे का? माझ्या नावाचं काय होईल?”

“अरे बाबा, ती हसत होती. तू तिला रडवलीस.”

“खरं सांगू?” रूपर्ट म्हणाला. “रडणंच छान वाटतं.”

क्लिफनं फोन ठेवला आणि हात पँटला पुसले.

संध्याकाळी पोर्तुगालहून ऑब्रेचा फोन आला. “अरे क्लिफ, काय हे खूळ? रूपर्ट सांगत होता. ते उलटंच होतं, म्हाताऱ्या. मीच बसवलं होतं ते. मुलाखतीतही सांगितलंय मी.”

“तू मटण खायला गेला होतास.”

“असेन. पण कल्पना माझी.”

एवढ्या वर्षांपूर्वी हाच माणूस मला पाळणा म्हणाला होता. आता मी उलटी झाले तेव्हा मी त्याची झाले. किळस याला म्हणतात, मित्रांनो.

क्लिफ मला घेऊन दवाखान्यात गेला. तिथल्या रुग्णांसाठी गाणी लावणारं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. मॉरीन तिथे असताना केंद्रातल्या बेरिल नावाच्या बाई खाटेपाशी येऊन तिच्या फर्माइशी विचारून जायच्या. त्यांच्याकडे फिती वाजवायचं जुनं यंत्र होतं.

“कॉम्प्युटरवर हे एका बोटाचं काम आहे,” बेरिलबाई म्हणाल्या. “आत्ता सुलट करून ऐकवते. बसा.”

“नको,” क्लिफ म्हणाला. “कॉम्प्युटरवरचं नेलं तर म्हणतील, म्हाताऱ्यानं काहीतरी करामत केली. फीत त्यांच्या डोळ्यांसमोर वाजली पाहिजे. शनिवारी चर्चच्या सभागृहात बँडचे चाहते जमणार आहेत. तुमचं यंत्र द्याल का?”

“देईन. पण उचलणार कोण?”

“दुधाचे क्रेट उचललेत मी आयुष्यभर.”

बेरिलबाईंनी मला पुन्हा नीट वाळवलं. क्लिफनं लाल पट्टी कापली आणि जाड बोटांनी माझ्या टोकाला चिकटवली. वाकडी लागली. मला ती फार आवडली.

शनिवारी दुपारी चर्चच्या सभागृहात वेदरकॉक असेंब्लीचे चाहते जमले. बहुतेक पुरुष, पांढऱ्या दाढ्या, ताणलेले काळे टी-शर्ट. त्यांच्या बायका मागे चहाच्या टेबलापाशी सँडविच मांडत होत्या. मंचावर ऑब्रे होता, झग्यात. रूपर्ट त्याला प्रश्न विचारत होता. त्यांनी माझं गाणं लावलं, उलटं, आणि सभागृह देवळासारखं गप्प झालं. मॉरीनच्या त्या हुंदक्यापाशी एकानं चष्मा काढून डोळे पुसले. मला वाटलं, माझी सगळी भुकटी त्या माणसाच्या डोक्यावर झाडावी.

टाळ्या थांबल्या तेव्हा क्लिफ यंत्र उचलून मंचावर आला. रूपर्ट पुढे झाला. “क्लिफ, हे ठरलेलं नाही.”

“बाजूला हो, बाळा. जड आहे.”

त्यानं मला वर धरलं. “ही लाल पट्टी. हा शेवट. रूपर्टनं शेवटाकडून वाजवलं. चूक झाली. आता नीट ऐका. ही माझी बायको आहे. मॉरीन.”

त्यानं मला मागे गुंडाळली. इतक्या वर्षांत कुणी मला सुरुवातीपासून वाजवलं नव्हतं. मग कळ दाबली. माझी भुकटी झडत होती, यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर तपकिरी थर चढत होता, तरी मी जिवाच्या आकांतानं धरून ठेवलं. आणि मॉरीन गायली. कोटातली, गारठलेली, सुलट. तिसऱ्या कडव्यात काठी पडली, चहाचा मग खणकला, आणि ती हसली. क्लिफचा हात काठीशिवाय हवेतच साथ धरत होता. त्यानं तो खाली घेतला नाही.

गाणं संपलं. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल.

समोरच्या रांगेतल्या दाढीवाल्यानं हात वर केला. “म्हणजे तुम्ही मूळ गाणं उलटं केलंत का?”

“हेच मूळ आहे,” क्लिफ म्हणाला.

“मजेशीर आहे,” दुसरा म्हणाला. “पण जरा साधं वाटतं. मला आधीचं जास्त भावलं.”

“घरी जा आणि बायकोला उलटं बोलायला लाव,” क्लिफ म्हणाला. “मग सांग किती भावलं.”

मागे चहाच्या टेबलापाशी बायका खळखळून हसल्या. ऑब्रेनं क्लिफच्या खांद्यावर हात टाकून सभागृहाला सांगितलं, “बघा, आमच्या बँडचे प्रयोग अजून संपलेले नाहीत!” पुन्हा टाळ्या. आणि रूपर्ट क्लिफच्या कानाशी लागला, “पुढच्या आवृत्तीत हेही घेऊ. ‘पर्यायी रूप’ म्हणून. फीत माझ्याकडे ठेवा, नीट जपतो.”

क्लिफनं ऑब्रेचा हात खांद्यावरून उचलला, मला चक्रासकट छातीशी धरलं आणि मंचावरून उतरला.

तर मित्रांनो, तो संच अजून तसाच विकला जातो. माझं गाणं त्यात उलटंच आहे. तुमच्या घरात जुनी फीत असेल, जुनी सीडी असेल, फोनमध्ये कुणाचा आवाज पडून असेल, तर ती वाळवा, पुसा, जपा. पण त्याआधी ते माणूस काय म्हणत होतं ते ऐका. ज्यांना ऐकायचंच नाही त्यांच्या हाती वस्तू देऊ नका, मग त्यांनी मखमलीची पेटी आणली तरी. मी आता टाकीवरच्या कपाटात नाही. क्लिफच्या पलंगाशेजारी, मॉरीनच्या बाजूच्या कोरड्या खणात आहे. तो संच जिन्याखाली पडला आहे. मेणबत्ती तेवढी वीज गेली तेव्हा कामी आली.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी क्लिफ मंचावरून उतरून चहाच्या टेबलापाशी आला. एक बाई बाह्या वर करून कप विसळत होत्या. त्यांनी त्याला न विचारता चहा दिला.

“तुमच्या मिसेस मध्येच का हसल्या हो?” त्यांनी विचारलं.

“माझी काठी पडली,” क्लिफ म्हणाला. “चहाच्या मगात.”

“अगंबाई! मग त्या चहाचं काय केलंत?”

एवढ्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. “तिनंच प्यायला,” तो म्हणाला. “म्हणाली, टाकवत नाही.”

बाई हसल्या, पुन्हा पाण्यात हात घातले आणि कप विसळता विसळता गुणगुणू लागल्या. शब्द त्यांना आठवत नव्हते आणि एक सूर चुकत होता. पण दिवे मालवण्यापासून सुरू करून त्या चहापर्यंत आल्या, सुरुवातीकडून शेवटाकडे. क्लिफ मला हातात घेऊन तिथेच उभा राहिला, आणि त्यानं तो कप पूर्ण प्यायला.